पत कुणाच्या वहीत लिहायची?

प्रश्न : आम्ही चौघांनी कॉलेजसाठी नोट्स शेअर करायचं पीअर-टू-पीअर अ‍ॅप बनवलंय. मध्ये सर्व्हर नाही, फाइल थेट एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाते. चांगलं देणाऱ्याला स्टार द्यायचे असं ठेवलं, तर एकाने वीस आयडी काढून स्वतःलाच स्टार दिले, आणि त्याच्या पीडीएफ निम्म्या कोऱ्या! काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : याला सिबिल (Sybil) अटॅक म्हणतात, कर्जाच्या सिबिल स्कोअरशी याचा संबंध नाही. संगणक संशोधक जॉन डाउसर यांनी २००२ मध्येच दाखवून दिलं होतं की ओळख तपासणारं मध्ये कुणीच नसेल तर हे पूर्णपणे थांबवता येत नाही, म्हणून आयडी मोजत बसू नका, खोट्या आयडीच्या स्टारला किंमतच राहणार नाही असं बघा.

आधी हे सांगा, स्टार साठतात कुठे? ज्याचे त्याच्याच मोबाइलवर असतील तर आजच बदला. काझा या जुन्या फाइल-शेअरिंग प्रोग्राममध्ये हीच चूक होती, तुमचा स्कोअर तुमच्याच कॉम्प्युटरवर, मग त्याचीच बदललेली आवृत्ती काझा लाइट आली आणि त्यात सगळ्यांचाच स्कोअर १०००. उधारीची वही गिऱ्हाइकाच्याच हातात दिल्यावर दुसरं काय होणार!

वही घेणाऱ्याकडे हवी. मला कुणी काय दिलं ते माझा मोबाइल लिहील, आणि फाइल खरंच घेतली असेल तरच स्टार देता येईल. अनोळखी माणसाबद्दल इतरांना विचारायचं, पण सांगणाऱ्याची माझ्याकडे जेवढी पत तेवढंच त्याच्या शब्दाला वजन. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांचं २००३ चं आयगेनट्रस्ट, म्हणजे पत मोजायची एक पद्धत, याच धाटणीचं आहे. त्यात सुरुवातीला काही भरवशाचे पीअर, म्हणजे नेटवर्कमधले सहभागी, धरतात, तुम्ही तुमचे चौघे धरा. वीस आयडींनी एकमेकांची कितीही पाठ थोपटली तरी बाहेरच्या भरवशाच्या कुणी त्यांना स्टार दिलेच नाहीत तर बेरीज शून्याच्या आसपासच राहते.

नव्या आयडीला शून्यच द्या. फुकटचे मार्क दिलेत की बदनाम झालेला नवीन आयडी काढून परत येतो. पण खरंच नवीन आलेल्या मुलीलाही संधी हवी ना, म्हणून बिटटॉरेंट या फाइल-शेअरिंग पद्धतीत साधारण दर ३० सेकंदांनी एखाद्या पीअरला, त्याने अजून काही दिलेलं नसलं तरी, अपलोडची जागा मिळते, तसं काहीतरी ठेवाच.

आणि हॅशवर, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या तिच्या ठशावर, सगळं सोडू नका. मागितली तीच फाइल आली का एवढंच हॅश सांगतो, कोऱ्या पीडीएफचा हॅशसुद्धा बरोब्बर जुळतो. तिथे कुणीतरी पानं उलटून बघायलाच हवीत, स्टार द्यायच्या आधी शेवटचं पान उघडायला लावा.