परग्रहवासी पृथ्वीवर कशाला येतील?

पाणी, खनिजं किंवा आपली जमीन बळकावायला परग्रहवासी येतील का, असं तुम्ही विचारलंय. लुटायला तरी कुणी येणार नाही, असं मला वाटतं.

पाण्याचंच घ्या. गुरूचा युरोपा हा आपल्या चंद्राहूनही लहान उपग्रह, पण त्याच्या बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे. लोखंड-निकेल तर लघुग्रहांवर उघडंच पडलंय. उलट पृथ्वीवरून काही उचलून न्यायचं, तर सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग गाठावा लागतो. शेजारी हौद भरलेला असताना खोल विहिरीतून पोहऱ्यानं पाणी शेंदत कोण बसेल?

अंतराबद्दल तर बोलायलाच नको. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरनं पळतंय. त्या वेगानं सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंतही सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील.

मग इथं दुसरीकडे न मिळणारं काय आहे? जीवसृष्टी. आपल्या हवेत सजीवांनीच तयार केलेला ऑक्सिजन दोन अब्ज वर्षांहून जास्त काळ आहे आणि तो दुरूनही प्रकाशाच्या वर्णपटात ओळखता येतो. म्हणजे कुणी आलंच, तर ते आपल्या रेडिओ-टीव्हीच्या कितीतरी आधीपासून पत्ता ठाऊक असलेलं असेल, आणि त्याला आपल्यापेक्षा डबक्यातल्या शेवाळात जास्त रस असेल. (आपला जरा अपमानच आहे हा!)

पण मुळात यायची गरज काय? घरबसल्या ऐकता येतं की. आमच्या पुण्याजवळ, नारायणगावच्या पुढे खोडदला जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. खाली उभं राहिलं की तारांच्या जाळीतून आभाळ आरपार दिसतं. एवढ्या विरळ जाळीत काय अडकणार, असं मला वाटलं होतं. पण १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा जेमतेम काही वॅटचा संदेश याच डिशनी कोट्यवधी किलोमीटरवरून टिपला. उतरण्याच्या थोडं आधी आवाज बंद पडला. यान आपटलं होतं, हे नंतर कळलं.

विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं प्रदर्शन भरतं, जमलं तर जाऊन या. मोबाईल मात्र बंद ठेवायला लावतात.