दहाव्या दिवसाचा ताप

प्रिय बाळा,

सकाळी गंगापूर रोडला भाजी घेताना तुझी आई भेटली. म्हणाली, पहिला केमो होऊन आठ दिवस झाले, मळमळ थांबली, पोरगी पोटभर जेवते, आता रविवारी मैत्रिणींबरोबर मिसळ खायला जायचं म्हणते. घरी आले आणि पिशवी रिकामी करायच्या आधी लिहायला बसले.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा वाढतात, पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांमधली रक्त तयार करणारी मज्जा, हेही भराभरच वाढतं. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब होतात. हे सगळं दिसतं तरी. रक्तातलं दिसत नाही. बहुतेक औषधांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसांत सगळ्यात खाली जातात, म्हणजे नेमकं बरं वाटायला लागतं तेव्हाच. तू आज तिथे आहेस.

माझ्या केमोच्या दुसऱ्या फेरीत दहाव्या रात्री अंगात कसकस होती. थर्मामीटर लावला, १०१. एवढ्या रात्री कुणाला उठवायचं, म्हणून तापाची गोळी घेतली आणि पांघरूण ओढून झोपले. पहाटे थंडी वाजून दात वाजायला लागले. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "रात्रीच फोन करायचा होता." म्हणून तुला सांगते: १००.४ फॅरनहाइट दिसलं की गोळी घ्यायची नाही, वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन करायचा आणि निघायचं. गोळीने आकडा उतरतो, जंतू तिथेच राहतात.

मिसळ पुढच्या आठवड्यात खा, रक्तातल्या पेशींच्या काउंटचा रिपोर्ट चांगला आल्यावर, आणि तोंड आलं नसेल तरच. रविवारची गर्दी आत्ता नको. मैत्रिणींना घरी बोलाव, सर्दी झालेलीला सोडून. द्राक्षं खावीशी वाटली तर घडावरून एकेक मणी काढून वाहत्या पाण्यात चोळून धू. ब्रश मऊ घे, आणि दिवसातून चार-पाचदा कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा टाकून गुळण्या कर.

आणखी एक. तुझ्या दारातली सदाफुली दाखवून कुणीतरी तुला पानं चघळायला सांगेलच, मलाही सांगितलं होतं. खरं आहे, व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही केमोची औषधं याच झाडातून मिळाली. पण बाटलीतलं औषध शुद्ध केलेलं, मिलिग्रॅममध्ये मोजलेलं असतं. पानात किती आहे ते कुणालाच मोजता येत नाही, आणि ते विषारी आहे. फुलं देवाला वाहा, पानं तोंडात घालू नकोस.

केसांबद्दल आई रडते, असं ऐकलं. माझे केमो संपल्यावर दोनएक महिन्यांनी उगवायला लागले, आधी बाळाच्या जावळासारखे, मऊ आणि कुरळे. बोटं फिरवत मी तासभर आरशासमोर उभी होते.

घरात डिजिटल थर्मामीटर आहे ना? नसेल तर संध्याकाळी दिवेलागणीच्या आत माझा घेऊन येते. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असा.

तुझी,
काकू