इंग्लंडमधल्या हेअर सलूनचा अनुभव कसा असतो? केस इथूनच कापून-रंगवून जावं का?

तुम्ही नोकरीसाठी इंग्लंडला चाललाय आणि तिकडच्या सलूनबद्दल एक जण म्हणतो लुटतात, दुसरा म्हणतो फार छान, म्हणून तुम्ही विचारलंय. शेवटी असंही लिहिलंय की तुमच्या मैत्रिणीला तिथल्या एका सलूनने रंग न लावताच परत पाठवलं, ‘पैसे देऊनही एवढा माज कशाला?’

केस कापून जा. बाकीच्या चौकशीला नंतर येते. आधी तुमच्या मैत्रिणीचं. तो माज नव्हता. ती चांगल्या सलूनमध्ये गेली होती, आणि तिने पुन्हा तिथेच जावं.

माझं नाशिकच्या इंदिरानगरला पार्लर आहे, मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून. तीच मुलगी आता लेस्टरला असते. तिच्या बाळंतपणाला मी गेले होते. बॅगेचं वजन आळीव, डिंक आणि बाळंतविड्यातच संपलं, त्यामुळे माझी नेहमीची रंगाची ट्यूब काही नेता आली नाही. बारसं रविवारी ठरलं आणि माझ्या भांगात पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. जावई म्हणाले, “आई, कोपऱ्यावरच सलून आहे, जाऊन या.” गुरुवारी सकाळी आम्ही दोघी गेलो.

छोटंसंच दुकान. मालकीण स्वतः काम करत होती. तिने मला खुर्चीत बसवलं, टेल कोंबने भांग पाडून मुळं पाहिली, मग कानामागची आणि मानेवरची कातडी पाहिली. मग प्रश्न. शेवटचा रंग कधी लावला, कोणता? रंग लावल्यावर कधी कानामागे खाज आली का? हातावर कधी काळ्या मेंदीचं टॅटू काढलं होतं का? हे सगळं पैशाचा विषय निघायच्या आधी. मग जो शेड लावायचा तोच ट्यूबमधून जरासा काढून कॉटन बडने माझ्या कानामागे एक ठिपका लावला. कार्डावर तारीख, वेळ, कंपनी, शेड नंबर लिहिला, माझी सही घेतली आणि म्हणाली, ४८ तासांनी या. मुलीने तिला सांगितलं की आई स्वतः पार्लर चालवते, वर्षानुवर्षं रंग लावते, आजवर काही झालेलं नाही. त्यावर ती शांतपणे म्हणाली, आजवर झालं नाही म्हणजे पुढे होणार नाही असं नाही, अंग कधीही उलटू शकतं. एक पैसाही घेतला नाही.

घरी येताना मुलगी कुरकुरत होती, शनिवार सगळा स्वयंपाकात जाणार होता. मला मात्र त्या बाईला मिठी मारावीशी वाटत होती. इतकी वर्षं हेच मी एकटी इथे सांगत बसले आहे.

कारण सांगते. काळ्या आणि गडद तपकिरी कायम टिकणाऱ्या रंगात बहुतेक वेळा पीपीडी असतं, पूर्ण नाव पॅराफेनिलीनडायअमीन. गडद रंग केसाच्या आत तयार होऊन बसतो तो त्याच्यामुळे. याची अ‍ॅलर्जी लावल्या लावल्या उठत नाही, एक-दोन दिवस जातात, कधी तीन. म्हणून “अर्धा तास थांबा, बघू” ही जी टेस्ट आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी करतात, तिला काहीही अर्थ नाही. युरोपात आणि ब्रिटनमध्ये डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांच्या वर चालत नाही. जत्रेत हातावर काढून देतात त्या काळ्या मेंदीत किती घातलंय हे कोण मोजतं? मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी, फार तर तांबूस-तपकिरी उतरतो. काळाभोर रंग देणारं मेंदीचं झाड जगात नाही. तो काळेपणा बाहेरून घातलेला असतो, आणि अशा टॅटूने एकदा अंग बिघडलं की पुढे साध्या हेअर डायनेही पापण्या सुजून डोळे मिटू शकतात. त्या मालकिणीने टॅटूचं विचारलं ते यासाठी. आपल्याकडेही अशा डायच्या पाकिटावर आधी टेस्ट करून बघा ही सूचना छापावीच लागते. पाकीट फोडताना ती वाचतं कोण?

आता हे मला इतकं का लागतं ते सांगते. हे पार्लर मी आणि माझ्या धाकट्या जावेने मिळून काढलं होतं. एका लग्नसराईत एक वरमाई हळदीच्या आदल्या संध्याकाळी आल्या, काळेभोर केस करून द्या म्हणाल्या. मागे काळी मेंदी लावली तेव्हा कपाळावर पुरळ उठलं होतं, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, “काकू, रंग मी लावणार नाही. उद्या सकाळी घरी येते, टच-अप पावडर लावून असा अंबाडा घालून देते की एक पांढरा दिसणार नाही.” त्या रागावून उठल्या, बरोबरच्या बायकांनाही उठवलं. त्या रात्री जाऊ घरात सगळ्यांसमोर म्हणाली, “ताई, दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं.” सासूबाईंनी तिचीच री ओढली. माझ्या बाजूने कुणी बोललं नाही. पुढे तिने कॉलेज रोडला वेगळं पार्लर टाकलं. तिचा हात चांगला आहे, मेकअप तर माझ्यापेक्षा सरस करते, हे मी मोकळेपणानं सांगते. पण दिवाळीला सगळे जमलो की आजही तोच विषय निघतो, “ताईंकडे रंगवायचं तर आधी रक्त तपासून जा,” आणि सगळे हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की पुरळ उठलं होतं, तिच्या डोक्यावर मी तेच रसायन कसं ओतू? लग्नात तिचे डोळे सुजले असते तर लक्ष्मी कुणाच्या दारात राहिली असती?

जावेने हे वाचलं तर वाचू दे. परदेशात जाऊन नवीन ज्ञान मिळवून आले असं माझं म्हणणं नाही. मी जे इथे करत होते तेच ती गोरी बाई तिथे करत होती, आणि तिचं दुकान बुडालेलं नव्हतं. शनिवारी गेलो तेव्हा बसायला जागा नव्हती.

कानामागे लाली नाही, खाज नाही, हे तिने स्वतः दिव्याखाली पाहिलं. रंग आणि ६ टक्क्यांचा डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइड, डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजून कालवला. आपल्याकडे हे बहुतेक अंदाजपंचे चालतं. केसांच्या कडेने क्रीम लावलं, टायमर लावला, धुताना मानेखाली टॉवेलची जाड घडी ठेवली. ही घडी फार महत्त्वाची आहे. बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून पडल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याची उदाहरणं अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात १९९३ सालीच छापून आली आहेत. वय झालेलं कुणी बरोबर असेल तर ही घडी आठवणीने मागा. निघताना तिच्या कार्डाचा फोटो मागितला, तिने आनंदाने काढू दिला. नाशिकला परत आल्यावर तसलीच कार्डं मी मेन रोडच्या प्रेसमधून मराठीत छापून घेतली.

आता वाईट अनुभव. तोही त्याच शहरातला, म्हणून लुटतात की छान असतात या वादाला काही अर्थ नाही. बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा मुलीचे केस पुंजक्याने गळायला लागले. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी हे पुष्कळ जणींना होतं, बहुतेकींचे वर्षभरात भरूनही येतात. तिला वाटलं थोडे कापून हलकं करावं. सिटी सेंटरमधल्या एका चकाचक सलूनमध्ये ऑनलाइन वेळ घेतली, आगाऊ पैसेही भरले. तिथे ज्युनिअर, सीनिअर, डिरेक्टर असे कारागिरांचे दर्जे असतात आणि तसे दर वाढत जातात. आमचा सीनिअर होता. त्याने केस कोरडे पाहिलेच नाहीत, थेट धुवायला नेले. केस कोरडे असताना ते कुठे पातळ झालेत, भोवरा कुठे आहे, वळण कसं आहे हे कळतं. ओल्या केसात सगळं लपतं. “केस गळतायत का” एवढंही विचारलं नाही. बाळ रडायला लागलं म्हणून मी त्याला घेऊन बाहेर फेरी मारायला गेले. परत आले तर याने थिनिंगची कात्री चालवून टाळूजवळ होते नव्हते तेवढे केसही विरळ केले होते. खाली उंदराच्या शेपटीसारखी टोकं राहिली. वर बिलात लांब केसांचे जादा पैसे, ज्याचा आधी उल्लेखही नव्हता.

मुलगी म्हणत होती जाऊ दे आई. मी जाऊ दिलं नाही. तिला मॅनेजरला बोलवायला लावलं आणि भांगावर बोट ठेवून दाखवलं. तुम्हीही हे लक्षात ठेवा, तिथे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे. काम वाजवी कौशल्याने आणि काळजीने झालं पाहिजे. नाही झालं तर ते पुन्हा करून मागता येतं, आणि ते शक्य नसेल तर पैसे कमी करून मागता येतात. कापलेला केस पुन्हा चिकटवता येत नाही, म्हणून आम्ही पैसे मागितले. जादा आकार पूर्ण आणि कापण्याचे अर्धे पैसे परत मिळाले. आरडाओरडा करावा लागला नाही, पण ठाम उभं राहावं लागलं.

ही दोन दुकानं सोडून बाकीच्या इंग्लंडबद्दल मी छातीठोकपणे बोलू शकत नाही. एक गोष्ट मात्र जाणाऱ्यांना माहीत नसते. ब्रिटनमध्ये केस कापायला परवाना लागत नाही. नोंदणीचा १९६४ चा कायदा आहे, पण नोंदणी ऐच्छिक आहे. जर्मनीत सलून चालवायला साधारणपणे मास्टरची परीक्षा द्यावी लागते, अमेरिकेत राज्याचा परवाना लागतो, तसं ब्रिटनमध्ये काही नाही. त्यामुळे काचेचं दार आणि कॉफी बघून जाऊ नका. खुर्चीत बसवल्यावर तुमच्या डोक्याबद्दल काय विचारतात ते बघा. काहीच विचारलं नाही तर उठा.

हेही सांगायला हवं की टेस्ट कोरी आली म्हणजे शंभर टक्के हमी मिळाली असं नसतं. आणि मी डॉक्टर नाही. पूर्वी कधी पुरळ किंवा सूज आली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, सलूनवालीच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या बाकीच्या चौकशीचं थोडक्यात सांगते. लंडनबाहेर बायकांचं कापणं आणि ब्लो ड्राय साधारण ३५ ते ६० पौंडांत होतं, लंडनला जास्त. टिप सक्तीची नाही, काम आवडलं तर दहा टक्के पुष्कळ झाले. लांब केसांचा जादा दर वेळ ठरवतानाच विचारून घ्या. ठरलेली वेळ ऐनवेळी रद्द केली तर आगाऊ पैसे बहुधा जातात. भुवयांसाठी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडला जा, तिथे आपल्या लोकांची पार्लरं ढीगभर आहेत.

आणि रंग इथून लावून जायचा असेल तर खुशाल लावा, पण तोच तिकडे पुढे चालवायचा असेल तर कंपनी, शेड नंबर आणि डेव्हलपर किती टक्क्यांचा हे कागदावर लिहून न्या. तुमच्या पार्लरवालीकडे मागा. ती सांगत नसेल तर वापरलेलं पाकीट दाखवायला सांगा. पाकीटही दाखवत नसेल तर तिच्याकडून रंग लावून घेऊच नका.