झोपडी मोजताय की कुटुंब?

मुंबईतल्या झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या आकड्यांवर काम सुरू करताय, तर आधी एवढं पक्कं करा: झोपडी वेगळी, कुटुंब वेगळं. खाली मालक, पोटमाळ्यावर भाडेकरू, चुली दोन. यादीत मात्र क्रमांक एकच पडतो आणि घरांची गरज तिथेच कमी मोजली जाते. म्हणून दारावर चुली, शिधापत्रिका, वीजमीटर तिन्ही विचारा. फेरी संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी ठेवा, दुपारी बऱ्याच दारांना कुलूप असतं. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना सशुल्क. दोन रकाने वेगळे ठेवा. अपात्रांनाही मोजा, ते काही मुंबई सोडून जात नाहीत. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ची आहे, तिच्यावर विसंबू नका; भाडं नि डिपॉझिट तर गल्लीतल्या एजंटांनाच विचारा, तेही निदान तिघांना.