रानमोहरी: शेंग हाती येईपर्यंत नाव लिहू नका

मुलुंडमधील रस्त्याकडेच्या, चार पिवळ्या पाकळ्यांच्या रोपाचे छायाचित्र देऊन आपण विचारले आहे की, अ‍ॅपने सांगितलेले ‘सिनॅपिस आर्वेन्सिस’ (म्हणजे रानमोहरी) हे नाव बरोबर आहे का. मी याच प्रश्नात एक अख्खा हंगाम घालवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मात्र मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही आणि केवळ छायाचित्रावरून नाव सांगणार नाही.

पाने चिकट व तीन ते पाच पर्णिकांची असतील, तर ती पिवळी तिळवण आहे, मोहरी नव्हे. मोहरीच्या फुलात पुंकेसर सहाच असतात, चार लांब आणि दोन आखूड.

माझी चूक अशी झाली की, मी फक्त फुलांचा शेंडा खुडून दाबला. शेंगा कोवळ्या आणि तळाची पाने धुळीने माखलेली म्हणून तिथेच सोडली. तो नमुना मी एका कार्यालयात दिला आणि तीन महिन्यांनी ‘ब्रॅसिका, जाती अनिश्चित’ (म्हणजे मोहरीचा वंश, पण नेमकी जात ठरली नाही) एवढाच शेरा मिळाला. शेरा चुकीचा नव्हता. पण नमुन्यात काय कमी आहे, हे घेतानाच सांगितले असते तर मी दुसऱ्याच दिवशी शेंगा आणल्या असत्या. मी पुन्हा गेलो तेव्हा ती जागा साफ झाली होती. याचे मला आजही वाईट वाटते.

खरा निवाडा शेंगेवर होतो. सिनॅपिसच्या शेंगेच्या प्रत्येक झडपेवर (शेंग उकलते त्या दोन सालींपैकी प्रत्येकीवर) तीन ते पाच ठळक शिरा दिसतात, ब्रॅसिकात मधली एकच. काळ्या मोहरीच्या आखूड शेंगा दांड्याला चिकटून उभ्या राहतात. रानमुळ्याची शेंग बियांच्या मध्ये आवळलेली असते आणि वाळल्यावर तुकड्यांनी तुटते. वरची पाने खोडाला कवटाळत असतील तर ब्रॅसिका रापा, तशी नसतील तर ब्रॅसिका जुन्सियाचा (या दोन्ही मोहरीच्याच जाती) विचार करावा. वनस्पतींच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका, कारण वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये, पुढे ब्रॅसिकात धरल्या गेलेल्या काळ्या मोहरीलाही सिनॅपिसमध्येच घातले होते.

माझे वैयक्तिक मत असे की, मुंबईच्या रस्त्याकडेला सांडलेल्या धान्यातून उगवलेली मोहरी असण्याचाच संभव अधिक, परंतु हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

शेंगा पिकेपर्यंत तळाची पाने बहुधा सुकून जातात, म्हणून पाने आत्ताच दाबून ठेवा आणि शेंगांसाठी त्याच रोपाकडे पुन्हा जा. आपल्या दमट हवेत वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर नमुन्याला बुरशी धरते.