१४२८५७ ला जादुई संख्या का म्हणतात? त्यात खरंच काही गूढ आहे का?

गूढ म्हणाल तर नाही. पण गंमत भरपूर आहे, आणि ती व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमध्ये सांगतात त्यापेक्षा जरा खोलवर आहे.

फॉरवर्डमध्ये असतं ते एवढंच: १४२८५७ ला २ ने गुणलं की २८५७१४, ३ ने गुणलं की ४२८५७१. सहापर्यंत तेच अंक त्याच क्रमाने फिरत राहतात, फक्त सुरुवात बदलते. सातने गुणलं की एकदम ९९९९९९. "अद्भुत!" म्हणून मेसेज पुढे ढकलला जातो. का होतं, ते कुणी सांगत नाही.

कारण शाळेतल्या भागाकारात आहे. कागदावर १ भागिले ७ करा. दशांशचिन्ह देऊन शून्य घेतलं की १० होतात: सात एके सात, बाकी ३. पुन्हा शून्य, ३०: सात चोक अठ्ठावीस, बाकी २. पुढच्या बाक्या ६, ४, ५ आणि मग परत १. एक आला की गाडी पहिल्यापासून सुरू. भागाकारात अंक येतात १, ४, २, ८, ५, ७ आणि तेच पुनःपुन्हा येत राहतात. सातने भागल्यावर शून्य सोडून बाक्या सहाच असू शकतात आणि इथे सहाही येऊन जातात. त्यामुळे ३/७ काढायचं म्हणजे त्याच चक्रात बाकी ३ पासून सुरुवात करायची: ४२८५७१. गुणाकाराची 'जादू' ती हीच.

अजून एक बघा. बाक्या क्रमाने १, ३, २, ६, ४, ५. पहिली आणि चौथी मिळून ७, दुसरी आणि पाचवी ७, तिसरी आणि सहावीही ७. म्हणूनच १+८, ४+५, २+७ प्रत्येकी ९ होतात आणि १४२ + ८५७ = ९९९. मला स्वतःला गुणाकारापेक्षा हे जास्त आवडतं.

आपल्याकडचा धागाही आहे. देवळालीला शाळेत शिकवणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे सर्वांना माहीत आहेत, पण त्यांच्या नावाच्या 'कापरेकर संख्या' वेगळ्या. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करून बेरीज करायची, सुरुवातीची संख्या परत मिळाली पाहिजे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९; २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. शिवाय अंकांची बेरीज २७ आणि २७ ने तिला पूर्ण भाग जातो (५२९१), म्हणजे कापरेकरांनीच नाव दिलेली हर्षद संख्याही झाली.

हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून, बरं का. आठच्या पायावर, म्हणजे दहाऐवजी आठच्या पटीत मोजून, १/७ लिहिलं तर नुसते ०.१११... येतात, चक्र गायब.

आणि सातच एकटा भाग्यवान नाही. १/१३ मध्ये बाक्या दोन गटांत फुटतात (०७६९२३ आणि १५३८४६), म्हणून तिथे जमत नाही. पण १/१७ घ्या: ०५८८२३५२९४११७६४७, सोळा अंकी चक्र, १ ते १६ कशानेही गुणा, फिरतंच. सुरुवातीचं शून्य धरायला लागतं एवढंच. पुढे १९, २३, २९, ४७ हेही असेच. अशा मूळ संख्या (१ आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या) अनंत आहेत, असा अंदाज गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडला. तो आजही पूर्णपणे सिद्ध झालेला नाही.