क्लायंटचं डिझाईन ब्रीफ नीट वाचायला आणि त्याला उत्तर द्यायला कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की अप्लाइड आर्टचं शिक्षण झालं, छोटी कामं मिळू लागली, ब्रीफप्रमाणे, म्हणजे क्लायंटने काय हवंय ते सांगितलेलं असतं त्याप्रमाणे, तीन-चार ऑप्शन करून पाठवता आणि पलीकडून येतं, "छान आहे, पण मजा नाही आली." शिवाय काम पक्कं होण्याआधी फुकट सॅम्पल द्यावं का, असंही विचारलंय. मी पुण्यात लेबल आणि पॅकेजिंगची कामं करतो, क्लायंट बहुतेक लहान उद्योजक. मोठ्या एजन्सीत ब्रीफ छापील फॉर्मवर येतं, क्लायंट आणि डिझायनरच्या मध्ये बोलणी करणारा क्लायंट सर्व्हिसिंगचा माणूस असतो, तिथली रीत वेगळी. मी सांगतोय ते व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ब्रीफबद्दल.

क्लायंट ब्रीफमध्ये आपली अडचण क्वचितच लिहितो. त्या अडचणीवर त्याने मनाशी जो तोडगा काढलेला असतो, तो लिहितो. आपण तो तोडगा सजवून परत पाठवतो. अडचण होती तिथेच राहते, मग मजा कुठून येणार?

एक नमुना घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा मेसेज, ओळख पटू नये म्हणून थोडा बदललेला:

"नमस्कार सर. मसाल्याच्या पाउचचं डिझाईन करायचं आहे. लुक प्रीमियम पाहिजे पण घरगुती वाटलं पाहिजे. नऊवारीतली बाई, जातं असं काही टाकता येईल. लाल रंग नको. सगळं मराठीतच हवं. दोन-तीन सॅम्पल पाठवा, आवडलं की फायनल करू."

नवीन माणूस यातलं "प्रीमियम" आणि "घरगुती" पकडून बसतो. एक ऑप्शन काळा-सोनेरी, एक वारली, एक नथवाला. मी ही दोन्ही विशेषणं सरळ बाजूला ठेवतो, कारण ती प्रत्येक ब्रीफमध्ये असतात आणि प्रत्येकाच्या मनात त्यांचं चित्र निराळं असतं. त्यावर वाद घालण्यातही अर्थ नसतो. पेन्सिलीने खुणा करायच्या त्या पाउच, लाल, मराठीतच आणि फायनल करू या चार ठिकाणी. यातल्या प्रत्येकावर फोन करून बोलायचं. मेसेजवर विचारलंत तर "हो", "नाही" आणि नमस्काराचा इमोजी एवढंच मिळतं.

पाउचपासून सुरू केलं. महिन्याला किती पाकिटं जातात? प्रत्येक मसाल्याची काहीशे. इथेच निम्मं काम बदललं. दुकानात दिसतात तसे छापील पाउच ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्याचा खर्च पहिलं पाकीट छापायच्या आधीच होतो आणि छापणाऱ्याला ऑर्डर शेकडो किलो फिल्मची हवी असते. कांदा-लसूण, गोडा आणि काळा असे तीन मसाले म्हणजे सिलिंडरचे तीन संच. त्यांच्या धंद्याला ते झेपणारं नव्हतं. बाजारात तयार उभे पाउच मिळतात, त्यांवर डिजिटल छपाईचं स्टिकर लावायचं. म्हणजे ब्रीफमध्ये पाउचचं डिझाईन म्हटलं होतं आणि प्रत्यक्ष काम निघालं लेबलचं: आकार वेगळा, किंमत वेगळी, मागच्या-पुढच्या बाजूचं गणितही वेगळं. मी मेसेज वाचून सुंदर पाउच काढून दिला असता तर तो कॉम्प्युटरमध्येच राहिला असता.

आता "लाल रंग नको". इथे "का नको?" असं विचारलं की लोक बचावात जातात. म्हणून मी विचारतो, "असं कधी वाटलं?" ताई म्हणाल्या, प्रदर्शनात शेजारच्या सगळ्या स्टॉलवर लाल पाकिटं होती. पहिल्या दिवशी मसाला आवडलेल्या बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या त्या शेजारच्या स्टॉलवर, आणि तिथूनच घेऊन गेल्या. हे ऐकलं आणि खरं ब्रीफ हाती आलं. अडचण लाल रंगाची नव्हतीच. गिऱ्हाईक आपल्याला दुसऱ्यांदा ओळखत नाही, ही अडचण होती. ते एक वाक्य सापडलं की नऊवारीतल्या बाईचं काय करायचं हेही कळतं. शेजारच्या दोन पाकिटांवर ती आधीच जात्यापाशी बसलेली आहे.

त्यात एक व्यावहारिक गंमत होती. त्यांना पाकीट पारदर्शक हवं होतं, माल दिसला पाहिजे म्हणून. पण माल स्वतःच लाल! लेबलवरून लाल हद्दपार केला तरी पाकीट लालच दिसणार. शिवाय उजेडात तिखटाचा रंग उतरतो आणि कांदा-लसूण मसाल्याचं तेल आतून प्लॅस्टिकला लागून पाकीट मळकट दिसतं. मग अपारदर्शक पाउच, खाली छोटी खिडकी, आणि लेबल चुन्यासारखं पांढरं, त्यावर गडद निळी अक्षरं. मसाल्याच्या रांगेत निळा फारसा दिसत नाही, आणि खिडकीतला लाल त्याच्याशेजारी खुलतो. हा रंग माझ्या आवडीतून आलेला नाही, त्या चुकलेल्या बाईंमुळे आलाय. त्यामुळे ताईंना तो का निवडला हे मला सांगावंच लागलं नाही.

"सगळं मराठीतच" हे मला मनापासून आवडतं, पण इथे कायदा मध्ये येतो. एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याच्या नियमांप्रमाणे खाद्यपदार्थाच्या लेबलवरची बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. मराठी त्याच्या जोडीला चालते, बदली चालत नाही. शिवाय चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, शाकाहारी असल्याचा चौकटीतला हिरवा ठिपका, घटकांची यादी, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, सर्व करांसह किंमत, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. वजनाचे आकडे किमान किती उंचीचे हवेत याचाही नियम आहे. हे सगळं कच्च्या रेखाटनातच बसवा. मी पाहिलेली बरीच देखणी लेबलं शेवटच्या दिवशी या मजकुराने विद्रूप झालेली आहेत, कारण कुणी आधी जागाच सोडली नव्हती. दुकानाच्या पाटीचं काम आलं तर नियम उलट्या बाजूने लागू होतो. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर देवनागरी लिपीतली मराठी हवीच, आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. क्लायंट हे ब्रीफमध्ये लिहिणार नाही, बहुतेकदा त्याला माहीतही नसतं. ते आपण भरायचं.

मजकुरावरून आठवलं: अंतिम मजकूर कोण देणार, कोण तपासणार, हेही पहिल्याच फोनवर विचारा. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल आली तर फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दिसतात. आणि पुष्कळ फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी ग्राहकाला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण "बाहेरचा माल" वाटतो. घरगुती वाटायला हवं ना? मग नथ काढण्याआधी ल बदला.

राहिलं "फायनल करू". आपण म्हणजे कोण? शेवटचं "हो" म्हणणारा माणूस कोण, हे न विचारता काम सुरू करू नका. इथे ते दीर निघाले, दुकानांना माल तेच पुरवतात. त्यांना मी सुरुवातीलाच फोनवर घेतलं. त्यांनी सांगितलेली गोष्ट ताईंच्या मेसेजमध्ये येणं शक्यच नव्हतं: गावाकडच्या दुकानात पाकीट काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाच्या हाताबाहेर असतं, आणि दुकानदार ते आडवं रचतो. म्हणजे नाव लांबून आणि आडव्या पाकिटावरही दिसायला हवं. मग मसाल्याचं नाव खालच्या कडेवरही छापलं.

एवढं झाल्यावरही मी लगेच डिझाईन करत नाही. एक पानभर उत्तर लिहून पाठवतो, सुरुवात "मला समजलं ते असं" अशी. या कामासाठी लिहिलेलं साधारण असं होतं: "तुमचा मसाला एकदा घेतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा तुमचं पाकीट सहा-सात फुटांवरून ओळखता आलं पाहिजे. तिन्ही मसाल्यांना एकच लेबल, फक्त नाव आणि एक पट्टी बदलेल. छपाई स्टिकरवर. मजकूर तुम्ही द्याल, मंजुरी दादा देतील. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. लोगो, फोटोग्राफी आणि वेबसाइट यात नाही." खाली रक्कम आणि आगाऊ किती ते. शेवटी विचारायचं, यात काही चुकलंय का? लोक डिझाईनवर बोलायला बिचकतात, पण लिहिलेलं खोडायला त्यांना फार आवडतं. जे खोडतील ते तुमच्या फायद्याचं. पुढे भांडणाची वेळ आली तर हेच पान उपयोगी पडतं.

या पानाला "ठीक आहे" आलं की मग डिझाईन, आणि तेही एक, फार तर दोन. चार ऑप्शन म्हणजे निवडीचं काम क्लायंटवर ढकलणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो मग पहिल्याचा रंग, दुसऱ्याचं अक्षर आणि तिसऱ्याची बाई एकत्र करा म्हणतो आणि त्याची मिसळ होते. फोनवर जेपीजी पाठवून मंजुरी घेऊ नका. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी चार शाईंच्या छपाईत तसा उतरत नाही, आणि बोटांनी मोठं करून पाहिलेलं अक्षर प्रत्यक्षात मुंगीएवढं असतं. मूळ मापाचा प्रिंट काढा, खऱ्या पाकिटावर चिकटवा, मसाला भरा, इतर पाकिटांच्या रांगेत ठेवून दाखवा. कुरियरने पाठवावं लागलं तरी पाठवा.

आणि त्यानंतरही "मजा नाही आली" आलं तर? बदल सुरू करू नका. "तुम्हाला सगळ्यात आधी काय दिसलं?" हे विचारा. मग, "आपण लिहिलेल्या पानातली कुठली गोष्ट यात दिसत नाही?" बहुतेक वेळा मोघम नाराजी एखाद्या ठोस गोष्टीवर येऊन थांबते. "लोगो मोठा करा" याचा अर्थ नाव लांबून वाचता येत नाही एवढाच असतो, आणि त्यासाठी भोवतालची गर्दी हटवणं पुरतं. कधी कधी लोगो खरंच लहान असतो. तेव्हा मुकाट्याने मोठा करावा.

सरावासाठी क्लायंटची वाट पाहायची गरज नाही. जाहीर झालेली ब्रीफ आणि त्यांतून निवडलं गेलेलं काम शेजारी ठेवून वाचा. रुपयाच्या चिन्हासाठी अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये खुली स्पर्धा घेतली. भारतीय संस्कृतीचं दर्शन घडावं अशी भव्य अपेक्षा होती, आणि कीबोर्डवर बसलं पाहिजे अशी रुक्ष अटही. १५ जुलै २०१० ला मंजूर झालेलं डी. उदय कुमार यांचं चिन्ह पाहा. ते मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाईन विभागात संशोधन करत होते. देवनागरीचा र, दांडी काढलेला रोमन आर, वर शिरोरेषा. संस्कृतीसाठी वेगळं काही चिकटवलेलं नाही, शिरोरेषेतच ती आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, त्याला जागाही मिळाली. रुक्ष अट आधी सोडवली की भव्य अपेक्षा तिच्या पोटात कशी मावते, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

किंवा उलटं करा: घरातली वस्तू उचला आणि तिचं ब्रीफ काय असेल ते लिहा. दुधाची पिशवी घ्या. पहाटेचा अंधार, ओल्या क्रेटमध्ये चुरगळलेला ढीग, वाचायला कुणाला वेळ नाही, "दोन निळ्या, एक केशरी द्या" एवढं बोलून माणूस निघतो. तिथे रंगच मालाचं नाव होतो. अशी पाच-सहा ब्रीफ लिहिलीत की क्लायंटच्या मेसेजमध्ये काय लिहायचं राहिलंय ते दिसायला लागेल.

आता फुकट सॅम्पलचं. मी देत नाही. पहिला फोन फुकट, "मला समजलं ते असं" हे पानही फुकट, पण रेषा ओढायची ती आगाऊ रक्कम आल्यावर. तुम्ही नवीन आहात, नाही म्हणायची भीती वाटणार. तेव्हा आधीची दोन कामं दाखवा, आणि प्रत्येकाखाली अडचण काय होती ते एका ओळीत लिहा. एवढ्यावरही "आधी सॅम्पल, मग बोलू" म्हणणारे असतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तोच मेसेज आणखी चौघांना पाठवलेला असतो. ते काम जाऊ द्या. ताईंनी आगाऊ रक्कम दोन हप्त्यांत मागितली, मी हो म्हटलं.